टाकीत किती उरलंय, हे सांगायचं कोणी?

महाडजवळच्या आमच्या सव गावापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेकडून येणारं जेट विमान महाड-पोलादपूरच्या वर असतं तेव्हा बहुधा उतरणीला लागलेलं असतं. गावात फक्त घरघर ऐकू येते. मी विमान कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणांची आखणी करणारा, म्हणून बसतो त्या टेबलावर त्याच विमानाचं फ्युएल किलोंमध्ये दिसत असतं.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून काम एकीवरच चालतं. जुलैत ढग उतरले की रांग लागते. गर्दी आधी कळली, तर हवाई गर्दीचं नियोजन करणारा दिल्लीचा केंद्रीय कक्ष निघायची वेळच पुढे ढकलतो. प्रवासी वैतागतात, पण हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणं केव्हाही बरं.

मार्ग संगणक काढतो. वाटेचं फ्युएल, अल्टरनेट म्हणजे पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटचं 30 मिनिटांचं राखीव, हा हिशोबही तोच करतो. घिरट्यांसाठी वर किती घालायचं, हे मात्र कॅप्टन आणि मी ठरवतो. जास्त घेतलं तर वजन वाढतं, कमी घेतलं तर विमान दुसरीकडे न्यावं लागतं.

कंट्रोलरला पडद्यावर उंची दिसते, वेग दिसतो. टाकी दिसत नाही. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कला निघालेलं एव्हियान्का या विमान कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान तासाहून अधिक काळ घिरट्यांत अडकलं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, फ्युएल संपत आल्याचंही सांगितलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. विमान कोसळलं, 73 माणसं गेली. चौकशीत वैमानिकांबरोबर गर्दीच्या ढिल्या नियोजनावर आणि ठरलेली परिभाषा नसण्यावरही बोट ठेवलं गेलं. आपल्या कंपनीच्या डिस्पॅचची मदत त्यांनी घेतली नाही, हेही त्यात आहे. नवीन मुलांना मी हे वाक्य आवर्जून वाचायला लावतो.

आता शब्द ठरलेले आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर परवडणार नाही. त्याने रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. राखीव साठ्याला हात लागणार असेल, तर ‘मेडे फ्युएल’. हे म्हणायची वेळ यायच्या कितीतरी आधी आमचं काम सुरू झालेलं असतं. अल्टरनेट अहमदाबाद असेल तर तिथली हवा बघायची, विमान उभं करायला बे रिकामी आहे का ते फोनवर विचारायचं आणि कॅप्टनला दोन ओळी पाठवायच्या: ‘मुंबई होल्डिंग 25 मिनिटं. अहमदाबाद हवा चांगली, बे आहे.’ ढगात गुंतलेल्या माणसाला याहून लांब मजकूर पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. उत्तर आलं नाही, तर मी पुन्हा विचारतो.