सही झाली, किल्ली मिळाली. पुढच्या अकरा महिन्यांचे काय? मावळात भाड्याने राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी

जुलैमध्ये इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत आणि लोणावळ्यात खोल्या शोधत फिरणारी मुले दिसू लागतात. नांदेड, हिंगोली, बुलढाणा अशा लांबच्या जिल्ह्यांतून आलेली. सोबत वडील, हातात कागदपत्रांची पिशवी. घरमालक आधी कॉलेज विचारतो, मग गाव, आणि मग आडनाव. आडनाव कळल्यावर "खोली कालच गेली" हे उत्तर आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे, ते आम्ही सांगायला नको. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हा इतिहास घराघरात माहीत आहे.

आमचा अनुभव असा की, दोन ठिकाणी नकार मिळालेला मुलगा तिसऱ्या ठिकाणी होकार मिळताच पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करतो. आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

गेल्या वर्षी तळेगावातल्या चार मुलांनी मिळून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. भाडे १२,०००, अनामत ४०,०००. एकाच्या आईने त्याचे दहा हजार बचत गटातून उचलले होते. पुढच्या फेरीत चौघांपैकी एकाला दुसऱ्या शहरातले कॉलेज मिळाले आणि तो निघून गेला. उरलेल्या तिघांनी महिनाअखेर ९,००० रुपये पाठवले. मालकाने १२,००० मागितले. मुले चिडून आमच्याकडे आली, "आम्ही त्याचे का भरायचे?"

कारण करारावर चौघांची सही होती. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ नुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर अनेकांनी मिळून दिलेले वचन त्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण करून घेता येते. भरलेला वाटा सोडून गेलेल्या मित्राकडून मागण्याचा हक्क तिघांना आहे, पण ते त्यांचे आपसातले. मालकाला त्याच्याशी देणेघेणे नाही. म्हणून सही करण्याआधीच "एकजण सोडून गेल्यास बदली विद्यार्थी ठेवता येईल" एवढे एक वाक्य घालून घ्यावे. बहुतेक मालक त्याला हरकत घेत नाहीत.

हा करार असतो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. म्हणजे घर वापरण्याची मुदतीपुरती परवानगी. अकरा महिन्यांचा असल्याने नोंदणी लागत नाही, असे एजंट सर्रास सांगतात. ते खोटे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के असते, वरच्या फ्लॅटला ते साधारण साडेतीनशे रुपये भरते. नोंदणी फी वेगळी. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणे हेही मालकाचेच काम, पण त्यासाठी फोटो आणि ओळखपत्र वेळेवर देणे आपले. तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते, तर वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. अर्ज चुकीच्या ठिकाणी जाऊ देऊ नका.

डिप्लोमाला आलेली मुले तर सोळा वर्षांची असतात. अठरा पूर्ण नसलेल्याची करारावरची सही कायद्याला मान्य नाही, तिथे पालकानेच करार करावा.

आता स्वाधारविषयी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून आहे. रक्कम शहरानुसार बदलते, पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी ती वर्षाला ६०,००० ठरली होती. भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे करारात विद्यार्थ्याचे नाव आधारवर आहे तसेच असू द्या. मात्र पैसे उशिरा येतात आणि भाडे दर महिन्याला द्यावे लागते. "स्वाधार जमा झाला की देतो" हे कारण मालकावर बंधनकारक नाही. निदान तीन महिन्यांच्या भाड्याची सोय घरून करून निघावे, हे कटू आहे पण खरे आहे. भाडे यूपीआयने द्या, संदेशात महिना लिहा. रोख दिले तर पावती घ्या.

शेवटचे दोन महिने भाडे न देता "अनामतीतून कापा" म्हणणे ही आणखी एक सवय. मालक तयार असेल तर ठीक, नसेल तर ती थकबाकीच. लॉक-इनची मुदत असेल आणि त्याआधी घर सोडले, तर करारात लिहिलेले उरलेले भाडेही मागितले जाते. उलट मुदत संपूनही घर अडवून बसलात तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. लोणावळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांना खोली देऊन चार पैसे मिळवण्याचा मोह मुलांना होतो. ते पोटभाडे आहे आणि त्यावरून करार रद्द होऊ शकतो.

लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. भिंतीला ओल येणार, बुरशी धरणार. छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पाणी हा इमारतीचा दोष, त्याचा रंग भाडेकरूने का द्यावा? पण खिडकी उघडी टाकून गावी गेलात आणि कपाट फुगले, तर तो खर्च तुमचाच. हा फरक दाखवायचा तर राहायला जाण्याच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, नळाचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवावेत. गळती दिसली त्याच दिवशी लेखी कळवावे.

भाजे-कार्ल्याच्या लेणींजवळ राहणाऱ्यांना एक गोष्ट आवडेल. विनयात भिक्खूंसाठी नियम आहे की संघाच्या विहारात अंथरलेले अंथरूण निघताना आवरावे, आवरवावे किंवा निदान कुणाला सांगून जावे. किल्ली देतानाही तेच करायचे: घर रिकामे करून, झाडून, महावितरणचे शेवटचे बिल भरून, मालकाकडून "ताबा मिळाला" असे तारखेसह लिहून घ्यायचे.

त्या तळेगावच्या मुलांनी अखेर मालकाशी बोलून चौथा मुलगा आणला आणि नवा करार नोंदवून घेतला. दोन महिन्यांचा फरक तिघांनी भरला, निघून गेलेल्या मित्राने त्यातला अर्धा पाठवला. मे महिन्यात मालकाने रंगकामाचे आठ हजार कापायचे म्हटले. मुलांनी पहिल्या दिवशीचे ओल आलेल्या भिंतीचे फोटो दाखवले. फुटलेल्या काचेचे सहाशे रुपये वजा होऊन बाकी अनामत परत मिळाली, आणि बचत गटाचे पैसे जूनमध्ये फिटले.