इंजिनाचा श्वास आणि उल्हास खोऱ्यातला ओलावा

दर पावसाळ्यात उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडते : "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." पुरावा म्हणून मिस्त्री इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडाचे झाकण उलटे करून दाखवतो. झाकणाला आतून लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर चिकटलेला असतो. ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे, हे तर उघडच दिसते. मग पाणी येणार कुठून? रेडिएटरमधूनच, असे मालकालाही वाटते आणि तो खर्चाला मान डोलावतो.

कुळगावातल्या माझ्या ओळखीच्या एका तरुणावर दोन पावसाळ्यांपूर्वी हीच वेळ आली. त्याने हौसेने छोटी टर्बो पेट्रोल गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. तिचा जोर वाढवण्यासाठी थोडी दुरुस्ती-फेरफारही करून घेतले होते. आठवडाभर गाडी घरापासून बदलापूर स्टेशनपर्यंत जाई आणि संध्याकाळी परत येई. गॅरेजने सांगितलेला आकडा त्याच्या दोन पगारांच्या पुढचा होता. त्याने मला विचारले ते एवढेच : "काका, खोलायचं का?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

पहिला मुद्दा असा की, पाणी रेडिएटरमधूनच यावे लागते असे नाही. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते जळताना हायड्रोजनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि पाणी तयार होते. एक किलो पेट्रोल जळले की सुमारे १.२ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे टाकीत घातलेल्या प्रत्येक लिटरमागे जवळपास ९०० मिलिलिटर पाणी. यातले बहुतेक धुरांड्यातून निघून जाते. थंड सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकते ते हेच.

पण सगळे जात नाही. पिस्टनभोवती रिंगा असतात, तरी त्या सिलिंडरला शंभर टक्के बंद करू शकत नाहीत. स्फोटाच्या क्षणी थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली, क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, झिजलेल्या इंजिनात जास्त, आणि टर्बोने दाब वाढवलेल्या इंजिनात आणखी जास्त. त्याच्याबरोबर वाफ, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे खाली येतात.

ज्वलनातून निघालेल्या या वायूत साधारण आठवा हिस्सा वाफ असते. अशा वायूचा दवबिंदू ५० अंश सेल्सियसच्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाची भिंत किंवा झाकण त्याहून थंड असेल, तर वाफ तिथे थेंबाथेंबाने जमणार. खाली क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतो. रवीने ताक घुसळावे तसे पाणी आणि ऑइल एकत्र घुसळले जाते आणि लोणी तयार होते. झाकण हा इंजिनाचा सर्वांत वरचा आणि थंड भाग, म्हणून ते लोणी आधी तिथे दिसते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, आपल्याकडची हवाच ओली. खरे आहे, पण हिशेब करून पाहू. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १३ घनमीटर. श्रावणात ३० अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरला २७ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. एकूण झाले सुमारे ३५० ग्रॅम. याच्या समोर पेट्रोलमधून तयार झालेले १,२०० ग्रॅम ठेवा. भर पावसातही इंजिनातल्या पाण्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा आभाळाचा नसतो, पेट्रोलचा असतो. पावसाचा दोष वेगळाच आहे : बॉनेटवर पडणारे पाणी आणि ओला वारा इंजिनाचा वरचा भाग गार ठेवतात. म्हणूनच हा थर जानेवारीतही दिसतो. बदलापूर-कर्जतकडे पहाटेचा पारा मुंबईपेक्षा चांगलाच खाली उतरतो आणि झाकण थंडच राहते.

यावर खरा उतारा म्हणजे इंजिनाचा श्वास. पूर्वीच्या गाड्यांत क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी धावली की वाऱ्याने वायू ओढला जाई. उभ्या गाडीत श्वास जवळजवळ बंदच. शिवाय सगळी घाण हवेत. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे रसायन आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने उलगडले आणि गाड्यांकडे बोट गेले. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. त्याची युक्ती साधी आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये जी ओढ असते, तीच वापरून क्रँककेसमधला वायू पुन्हा इंजिनात ओढायचा आणि जाळून टाकायचा. त्याच्या जागी एअर फिल्टरकडून दुसऱ्या नळीने ताजी हवा आत येते. अशी वाहती हवा क्रँककेस वाळवते. श्रावणातली दमट हवासुद्धा हे काम करते, कारण तिचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास असतो. तापलेल्या क्रँककेसच्या मानाने ती कोरडीच! चुलीवरच्या वळणीवर पावसाळ्यात कपडे वाळतात, तसेच हे.

टर्बो इंजिनात एक अडचण उभी राहते. पाय दाबला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब येतो. तो क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून व्हॉल्व्ह बंद होतो. मग वायू ताज्या हवेच्या नळीतून उलट्या दिशेने, टर्बोच्या आधीच्या भागात जातो. म्हणजे जोरात चालवताना वायू नुसता बाहेर ढकलला जातो. क्रँककेस धुऊन निघते ती संथ चालताना. दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात.

आमच्या तरुणाच्या गाडीत नेमकी गफलत इथे होती. वायूबरोबर ऑइलचा तुषार इनटेकमध्ये जातो, व्हॉल्व्हांवर काजळी धरते आणि ठोका पडण्याची शक्यता वाढते. ही भीती खरी आहे. ती टाळायला त्याने कॅच कॅन, म्हणजे तुषार अडवणारा डबा, बसवून घेतला. बसवणाऱ्याने मॅनिफोल्डकडची वाट बूच मारून बंद केली आणि डबा एकाच नळीवर जोडला. श्वास बाहेर टाकता येत होता, आत घेता येत नव्हता. त्यात रोजचा प्रवास दहा मिनिटांचा. कूलंटचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल त्याच्या मागून सावकाश तापते. पाणी उडून जाण्याआधीच गाडी स्टेशनबाहेर उभी.

इंजिन खोलण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. कूलंटच्या टाकीवर खूण करून पंधरा दिवस पातळी बघितली. ती हलली नाही. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते. लोणी फक्त झाकणाला होते. आणि गॅरेजच्या मोकळ्या आवारात, आगीपासून दूर, तापवलेल्या जुन्या तव्यावर डिपस्टिकचा एक थेंब टाकला. ऑइलमध्ये हजारात एक भाग जरी पाणी असेल, तरी थेंब तडतडतो. आमचा थेंब गप्प राहिला. यातले एकही उत्तर उलटे आले असते, तर खोलण्याला पर्याय नव्हता.

बूच काढले, वाट पूर्ववत केली, ऑइल बदलले. रविवारी काटईच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवायची, एवढेच पथ्य सांगितले. महिन्याभरात झाकण कोरडे झाले. मात्र किंमत चुकलीच नाही : कोंडलेल्या दाबाने क्रँकशाफ्टचे एक ऑइल सील पाझरू लागले होते, ते बदलावे लागले. आणखी वर्ष गेले असते, तर पाणी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून बनलेल्या आम्लाने बेअरिंगेही खाल्ली असती.

कॅच कॅन वाईट नाही. दोन्ही वाटा राखून तो बसवावा आणि वेळेवर रिकामा करावा. पावसाळ्यात त्यात दुधाळ कॉफीसारखे पाणी साचते, त्याने घाबरू नये. मात्र ते वालधुनीच्या नाल्यात ओतू नये. त्या नदीने पुरेसे सोसले आहे. जुन्या ऑइलच्या पिंपात टाकावे.

शेवटी एक इशारा. वरचे सगळे न बुडालेल्या गाडीसाठी आहे. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली त्या दिवशी, उल्हास नदीचे पाणी कुठवर येते हे आपण पाहिले. एअर फिल्टरपर्यंत पाणी चढलेल्या गाडीला चावी लावू नये. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे डिपस्टिकवरच दुधट ऑइल दिसले, तर मिस्त्रीचे "खोलावं लागेल" हे वाक्य खरे माना.

झाकणावरचे लोणी हे लक्षण आहे, निदान नव्हे. तापाचे कारण न शोधता कुणी पोट फाडत नाही. तो तरुण आता दर महिन्याला झाकण उघडून बघतो आणि कोरडे असले की मला फोटो पाठवतो.