गोल्फ न खेळणाऱ्यांचा ‘गोल्फर्स एल्बो’

वस्तीत काम करताना एक तक्रार आम्ही सतत ऐकतो. “ताई, कपडे पिळायला गेलं की कोपरातून कळ निघते.” चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या हातातून तर सकाळी चहाचा कप सुटायला लागला होता. दवाखान्याच्या कागदावर ‘गोल्फर्स एल्बो’ असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मावशी हसल्या. गोल्फचे मैदान त्यांनी टीव्हीवरच पाहिलेले.

नाव खेळाडूंचे असले तरी हे दुखणे असलेले बहुतेक लोक गोल्फ खेळणारे नसतात. सळई बांधणारे, प्लंबर, सुतार, हातोडा चालवणारे, कोयत्याने ऊस तोडणारे, हाताने धार काढणारे आणि घरोघरी फडकी पिळणाऱ्या बायका, ज्यांच्या मुठीला दिवसभर उसंत नसते अशांच्या कोपराला ते धरते. मूठ आवळणारे आणि मनगट आत वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, हाडाचा जो उंचवटा असतो तिथे एका चिवट दोरीने बांधलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. रोजच्या ताणाने तिचे तंतू थोडे थोडे झिजतात आणि रात्रीच्या विश्रांतीत भरून येतात. झीज जास्त आणि भरपाई कमी असे महिनोनमहिने चालले की दुखणे सुरू होते. चाळिशीच्या आसपास, मधुमेह असेल किंवा बिडी-सिगारेटची सवय असेल तर ही भरपाई आणखी मंदावते.

ओळखणे अवघड नाही. तो उंचवटा बोटाने दाबल्यावर दुखतो. हात सरळ, तळवा आकाशाकडे ठेवून मनगट वर उचलायचे आणि दुसऱ्याने तळव्यावर खाली दाब द्यायचा. आतल्या बाजूला कळ आली तर बहुधा हेच. बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पिळताना एका हाताचे मनगट आत वळते आणि दुसऱ्याचे बाहेर, त्यामुळे धुणे करणाऱ्या काही बायकांना दोन्ही दुखणी एकदम असतात.

आता उपचार. डॉक्टर पहिला सल्ला देतात तो विश्रांतीचा. सल्ला बरोबरच आहे, पण नाक्यावर उभे राहणाऱ्या दादाला आठ दिवस विश्रांती म्हणजे आठ दिवसांची मजुरी गेली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, तरी कोपर दुखते म्हणून घरी बसलेल्या ताईचा पगार कापायचा की नाही हे आजही मालकीणबाईंच्या मर्जीवरच असते. म्हणून लोक झटपट इलाज शोधतात. आमच्या मावशींनीही कोपरात इंजेक्शन घेतले. आठवड्यात दुखणे गेले, त्या पुन्हा चार घरी जाऊ लागल्या आणि तीन महिन्यांत कळ परत आली, आधीपेक्षा जास्त. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो हे खरे, पण कंडरा त्याने भरून येत नाही आणि वारंवार घेतल्यास ती कमकुवत होते. इंजेक्शन देताना हे मावशींना कुणी सांगितले नव्हते. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. रोज उपाशीपोटी घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला धोका.

झिजलेल्या कंडरेला पूर्ण आराम नव्हे, तर मापातला ताण लागतो. त्यासाठी पाण्याची अर्धा लिटरची बाटली पुरते. खुर्चीवर बसा, हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, तळवा वर आणि मनगट कडेच्या बाहेर. बाटली मुठीत धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला, मग मदत सोडून पाच आकडे मोजत हळूहळू खाली न्या. खाली नेण्याचा हा संथपणा महत्त्वाचा. असे 10 ते 15 वेळा, मध्ये थोडा दम घेऊन तीन फेऱ्या, रोज एकदा. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर बाटलीतले पाणी कमी करा. सोपे वाटू लागले की मोठी बाटली घ्या. फरक जाणवायला 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण बरे व्हायला कधी सहा महिने किंवा त्याहून जास्त. एवढा धीर धरवत नाही हीच खरी अडचण आहे.

सुरुवातीच्या दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे लावावा. कोपराखाली दोन-तीन बोटांवर बांधायचा पट्टा कामाच्या वेळी उपयोगी पडतो, पण बोटांना मुंग्या येतील इतका आवळू नये आणि झोपताना काढावा. हात ओढून, कडकडा वाजवून ‘बसवणाऱ्या’कडे मात्र जाऊ नये. इथे काही निखळलेलेच नसते.

कामाची पद्धतही बदलता येते. अवजाराची मूठ बारीक असली की ती जास्त आवळावी लागते, म्हणून हातोडीच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. कोयत्याला धार ठेवा; बोथट पात्याची कसर हातालाच भरून काढावी लागते. जाड चादर दोन हातांनी पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन पिळा, किंवा तशीच निथळत ठेवा. लादीसाठी पिळायची बादली असलेला मॉप द्या, अशी मागणी आमच्या तीन ताईंनी मालकिणींकडे केली. दोघींना तो मिळाला.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, पडल्यावर कोपर सुजले असेल किंवा सोबत ताप असेल, तर व्यायामावर न थांबता डॉक्टरांना दाखवा. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दाटत असेल, घाम येत असेल, तर ते कोपराचे दुखणे समजू नका, थेट रुग्णालय गाठा. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचार विभाग असतो. केसपेपर काढताना त्याबद्दल आवर्जून विचारा, कारण न विचारता तिथे पाठवतीलच असे नाही.

मावशींनी एका घराचे धुणे सोडले आणि त्याऐवजी स्वयंपाकाचे काम धरले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आता सात-आठ जणी बाटल्या घेऊन भिंतीकडेच्या बाकावर बसतात. आकडे मावशीच मोजतात, आणि कुणी घाईने खाली नेले तर परत एकपासून सुरू करायला लावतात.