हळू प्रवास म्हणजे नक्की काय? धर्मानंद कोसंबींकडून शिकण्यासारख्या चार गोष्टी

आजचा विषय आहे परदेशातला सावकाश, लांब मुक्कामाचा प्रवास. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग थोडा नीट करून लिहून काढलाय.

यवतमाळ, पुसद, वणीकडची माझ्या वयाची बरीच पोरं आज आयटीत आहेत. त्यांच्यात एक प्रश्न आता वारंवार निघतो. दहा दिवसांत सहा देश दाखवणारं पॅकेज घेण्यापेक्षा सहा महिने एकाच देशात जाऊन राहिलं तर? कल्पना चांगलीच आहे. पण त्यातून मिळतं काय आणि त्याची किंमत कोण देतं, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून मी एक जुनं उदाहरण घेतोय.

कळंब-देवळी करत वर्ध्याला गेलं की पुढे सेवाग्राम. तिथे जून 1947 मध्ये धर्मानंद कोसंबी यांनी देह ठेवला. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचं पुस्तक विदर्भात अनेक घरांत सापडेल. त्यांचा जन्म 1876 चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. शाळेचं शिक्षण जेमतेम, हाताशी पैसा नाही. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ठरवलं की हा धर्म मुळातून शिकायचा. 1899 च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. ही हकिगत त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे.

पहिली गोष्ट: चुकीचं ठिकाणही पुढचा पत्ता देतं. 1902 मध्ये ते मोठ्या आशेने नेपाळला पोहोचले. तिथे जो बौद्ध धर्म दिसला त्याने त्यांची निराशा झाली. आपण असतो तर रेटिंग देऊन परतलो असतो. ते बोधगयेला आले आणि तिथे कळलं की पालि ग्रंथ शिकायचे तर सिलोनला जायला हवं. मग कलकत्त्यावरून कोलंबो. आता बघा, त्यांचा कार्यक्रम आधीच पक्का असता, तर हा बदल बसवला कुठे असता? हळू प्रवासाचा पहिला फायदा हाच की रस्ता बदलायला जागा राहते.

दुसरी गोष्ट: पाहुणा म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून राहा. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे ते श्रामणेर झाले, म्हणजे भिक्षू होण्याआधीची दीक्षा घेतली. आता दिवस त्यांचा नव्हता, विहाराचा होता. दुपारनंतर जेवण नाही, आणि जे ताटात येईल ते. शिकायचं पालि, पण तिथली पुस्तकं सिंहली लिपीत. ब्रह्मदेशात तीच पालि ब्रह्मी लोकांच्या लिपीत. पर्यटकाला असल्या गोष्टींची गरजच पडत नाही, म्हणून तो त्या शिकत नाही. आपल्याला एखाद्या जागेची गरज लागली की मगच ती जागा शिकवायला लागते.

तिसरी गोष्ट: उपयोग फार उशिरा कळतो. अमेरिकेत हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन नावाचे अभ्यासक ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाचं संपादन करत होते. काम अर्धवट ठेवून ते 1899 मध्येच वारले, म्हणजे कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी. हे काम पुढे न्यायला सिंहली आणि ब्रह्मी प्रती वाचणारा माणूस हवा होता. 1910 मध्ये कोसंबी तिथे पोहोचले. पुढे श्रेय कसं द्यायचं यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. कोसंबी एकूण चार वेळा हार्वर्डला गेले. ग्रंथ छापून आला 1950 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. कोलंबोत लिपी गिरवताना यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ‘या सहा महिन्यांचा रेझ्युमेवर काय फायदा?’ या प्रश्नाला खरं उत्तर एवढंच: आज सांगता येत नाही.

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात अवघड: बिल कोणाच्या नावावर फाटतं? 1899 ला ते निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक. 1906 मध्ये भिक्षूची वस्त्रं उतरवून ते संसारात परतले, तोवर सहा-सात वर्षं गेली होती. त्या वर्षांचा बाळाबाईंचा प्रवास कोणी लिहिला नाही. 1918 मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेलं. हा दामोदर म्हणजेच पुढे नावाजलेले गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. बाळाबाई मात्र मागेच राहिल्या. मला कोसंबींबद्दल आदर आहे, तो कमी होत नाही. पण एक जण मोकळा फिरतो तेव्हा दुसरं कोणीतरी घर धरून बसलेलं असतं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा आई असते, बायको असते, नाहीतर शेती बघणारा भाऊ.

मग आज काय करायचं? व्यवहाराचं बोलू. युरोपच्या शेंगेन देशांत पर्यटक म्हणून 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. लॅपटॉप सोबत नेला म्हणून टुरिस्ट व्हिसावर काम करायची परवानगी मिळतेच असं नाही, त्या देशाचा नियम आधी वाचा. लांब मुक्काम हवा असेल तर शिकायला जाणं किंवा रीतसर कामावर जाणं हाच सरळ रस्ता.

आणि ऑनसाइटवर आधीच असाल तर वेगळ्या सुट्टीची वाट कशाला बघता? तिथली भाषा शिका. एकाच भाजीवाल्याकडे वर्षभर जा. शनिवार-रविवारी नवं शहर गाठण्याऐवजी शेजाऱ्याला जेवायला बोलवा. हाही हळू प्रवासच आहे.

फक्त तिकीट काढायच्या आधी घरी एक प्रश्न विचारा: मी नसताना माझं काम कोण करणार, आणि त्या माणसाची पाळी कधी? उत्तर मिळालं की खुशाल निघा.

भेटू पुढच्या भागात.