डावा टॅकल थोरला, उजवा धाकटा?

अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या आपल्याकडच्या अनेकांना ‘लेफ्ट टॅकल’ माहीत असतो, तो २००९ सालच्या ‘द ब्लाइंड साइड’ या चित्रपटामुळे. सँड्रा बुलकला ऑस्कर मिळवून देणाऱ्या या चित्रपटाचा मुद्दा सोपा आहे. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने धावून येणारा गडी त्याला दिसत नाही, म्हणून अडवणाऱ्या फळीच्या त्या टोकाला उभा असलेला डावा टॅकल त्याचा खरा अंगरक्षक. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरच्या धडकेत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. तेव्हापासून हा धडा प्रत्येक संघाने गिरवला.

धडा चुकीचा नव्हता. त्यातून निघालेले निष्कर्ष मात्र चुकीचे निघाले: डावा तो थोरला, उजवा तो धाकटा, डावीकडून उजवीकडे पाठवणे म्हणजे पदावनती.

गंमत अशी, की हा समज खोडून काढायला चित्रपटाचा नायकच पुरेसा आहे. मायकल ओहरला बाल्टिमोर रेव्हन्सने २००९ मध्ये घेतले आणि पहिल्या मोसमात बहुतेक सामने उजवीकडे खेळवले. पुढे तो डावीकडे आला. २०१२ च्या मोसमात बाद फेरीच्या तोंडावर संघाने ब्रायंट मॅकिनीला डावीकडे उभे केले आणि ओहरला पुन्हा उजवीकडे नेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये रेव्हन्स सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकले, तेव्हा ‘आंधळ्या बाजूचा’ हा जगप्रसिद्ध राखणदार उजव्या टोकाला उभा होता.

तीन वर्षांनी, सुपर बोल ५० मध्ये, ओहर कॅरोलायना पँथर्सचा डावा टॅकल होता. त्या दिवशी डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने उजव्या बाजूने मुसंडी मारली, उजव्या टॅकलला चकवले आणि उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातातून चेंडू उडवला. मलिक जॅक्सनने तो एंड झोनमध्ये झडप घालून घेतला आणि टचडाउन झाला. डेन्व्हर २४–१० ने जिंकले, मिलर सामनावीर ठरला. धोका फक्त पाठीमागून येतो, या समजाला यापेक्षा चोख उत्तर मिळणे कठीण. बचाव करणारे संघ काही मूर्ख नाहीत. तगडा गडी डावीकडे बसवला आहे असे दिसले, की ते आपला हुकमी एक्का दुसऱ्या टोकाला नेतात. पिट्सबर्गचा टी. जे. वॉट वर्षानुवर्षे मुख्यतः उजव्या टॅकललाच छळत आला आहे.

शिवाय क्वार्टरबॅक डावखुरा असला तर सगळे गणितच उलटते. अलाबामा विद्यापीठात टुआ टॅगोवायलोआ डाव्या हाताने फेकायचा, तेव्हा त्याची पाठ राखत होता उजवा टॅकल जेड्रिक विल्स. २०२० मध्ये क्लीव्हलंडने विल्सला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि थेट डावीकडे उभे केले.

आता दुसरा समज. हा जास्त पसरलेला आहे आणि माझ्या मते जास्त घातकही: सव्वाशे-दीडशे किलोचा धटिंगण, त्याला फक्त समोरच्याला अडवायचे आहे, मग डावीकडे काय आणि उजवीकडे काय?

एका डावाचे पहिले दोन क्षण नीट पाहा. डावा टॅकल उभा राहतो तो डावा पाय किंचित मागे ठेवून. सेंटरने चेंडू मागे दिला की हाच बाहेरचा पाय तिरका मागे सरकतो. आतला, म्हणजे उजवा पाय जमीन धरून ठेवतो आणि जोर देतो. कंबर डावीकडे उघडते, पण पूर्ण नाही. पूर्ण उघडली की समोरचा आतून घुसलाच. टॅकलच्या उजव्या खांद्याला शेजारचा गार्ड असतो. समोरच्यांनी मध्येच जागांची अदलाबदल केली, तर आपला गडी गार्डच्या हवाली करायचा आणि त्याचा आपण घ्यायचा. हे सगळे विचार करून होत नाही, त्याला वेळच नसतो. शाळेपासून हजारो वेळा घोटून ते अंगात मुरलेले असते.

बाजू बदलली की यातले प्रत्येक अंग उलटे होते. मागे सरकणारा पाय आता रोवून धरायचा आणि रोवायचा तो मागे न्यायचा. पहिला धक्का कोणत्या हाताने, कंबर कुठे वळवायची, मदत कोणत्या खांद्याकडून येणार, सगळेच उलटे. आपल्याकडे कबड्डीतल्या पट्टीच्या डाव्या कोपरारक्षकाला उजव्या कोपऱ्यात उभे केले तर त्याचा हात घोट्यावर अर्धा क्षण उशिरा पडेल. तसलाच हा प्रकार. ताकद तीच असते, उशीर मात्र होतो.

म्हणूनच जाणकार प्रशिक्षक सहजासहजी हा बदल करत नाहीत. २०१७ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा डावा टॅकल जेसन पीटर्स जायबंदी झाला. उजवीकडे लेन जॉन्सनसारखा अव्वल गडी होता. त्याला डावीकडे सरकवण्याचा मोह टाळून संघाने राखीव गडी हालापुलिवाती वाइटाईला डावीकडे उतरवले. एका जखमेमुळे दोन जागा हलवायच्या कशाला? त्याच मोसमात ईगल्सने सुपर बोल जिंकला.

म्हणजे बदल जमतच नाही असेही नव्हे. हा उलट टोकाचा गैरसमज झाला. टँपा बेच्या ट्रिस्टन वर्फ्सची २०२१ मध्ये उजवा टॅकल म्हणून ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड झाली होती. २०२३ मध्ये तो डावीकडे गेला आणि २०२४ मध्ये तिथूनही त्याने तोच मान मिळवला. पेनेई सूएल ओरेगॉन विद्यापीठाचा डावा टॅकल. डेट्रॉइटकडे डावीकडे टेलर डेकर आधीच होता, म्हणून सूएल उजवीकडे स्थिरावला आणि लीगमधल्या सर्वोत्तमांत गणला जाऊ लागला. सगळ्यांना मात्र हे साधत नाही. उजवीकडे खेळत आलेल्या जे. सी. लेथमला टेनेसीने २०२४ मध्ये डावीकडे खेळवले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उजवीकडे नेले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. डावीकडच्यांना जास्त मोल मिळायचे हे खरे आणि त्याची सवय बाजाराला अजून आहे. पण एप्रिल २०२४ मध्ये सूएलने चार वर्षांचा ११.२ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला २.८ कोटी. त्या घडीला अडवणाऱ्या फळीतला जगातला सर्वांत महागडा खेळाडू उजवा टॅकल होता. ऑगस्टमध्ये डाव्या बाजूच्या वर्फ्सने त्याला मागे टाकले, तेही जेमतेम: वर्षाला साधारण २.८१ कोटी.