हप्ता कुणाचा, आजार कुणाचा?

सक्तीचा आरोग्यविमा म्हटला की पगारातली कपात आठवते. महिना २० हजार मिळवणाऱ्या कामगाराचे ईएसआयसाठी १५० रुपये कापले जातात, मालक ६५० भरतो. बदल्यात दवाखाना, औषधं आणि आजारी रजेत ७० टक्के वेतन. सौदा वाईट नाही. पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा हमाल किंवा आहुप्याचा भातशेतकरी असल्या पगारपत्रकावर नसतोच.

त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावानं आलेली. पैसा सरकारचा, म्हणजे काडेपेटीवर जीएसटी भरणाऱ्या मजुराचासुद्धा. संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, पांढऱ्या रेशनकार्डालाही. बागायतदार आणि भूमिहीन एकाच रांगेत, हे मला खटकत नाही. कॅन्सर काही सातबारा बघून येत नाही. खटकतं ते वेगळंच. योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या ठरावीक उपचारांची. सोबत आलेल्याचा बुडालेला रोज तीत नाही, बीपीची रोजची गोळीही नाही. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, साठा असला तर. नसला, की गोळ्या चुकतात. मग एखाद्या पहाटे पक्षाघात, धावतपळत मंचर, तिथून पुणे. आणि आता मात्र विमा लागू!