१२४८ घनसेंटीमीटर आणि तीन लिटर तेल

भारतात सुमारे एक तप असे होते की मारुती, टाटा, फियाट, शेवरोले आणि प्रीमियर अशा एरवी परस्परांचे गिऱ्हाईक पळवू पाहणाऱ्या कंपन्यांच्या डिझेल मोटारींचे बॉनेट उघडले, तर आत मूळ एकच इंजिन आढळत असे. कुठे त्यावर ‘डीडीआयएस’ लिहिलेले असे, कुठे ‘क्वाड्राजेट’, कुठे ‘स्मार्टेक’, तर फियाटच्या स्वतःच्या गाड्यांवर ‘मल्टिजेट’. परंतु सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर आणि चार सिलिंडरांची मिळून क्षमता १२४८ घनसेंटीमीटर ही मापे कोणत्याही नावाखाली बदलली नाहीत. वाहनविषयक नियतकालिकांनी त्याला ‘भारताचे राष्ट्रीय इंजिन’ असे अर्धे थट्टेने आणि अर्धे कौतुकाने म्हटले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले, तेव्हा छोट्या डिझेल इंजिनाला त्यात बसवण्याचा खर्च परवडणारा राहिला नाही आणि नव्या गाड्यांतून ते नाहीसे झाले. जुन्या गाड्यांतून मात्र ते आजही धावते आहे, आणि त्याच्या गुणांइतकीच त्याच्या खोडींची माहितीही गॅरेजांमध्ये मुखोद्गत झाली आहे.

त्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या संयुक्त उपक्रमातून हे इंजिन २००३ मध्ये बाहेर पडले, पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि २००५ मध्ये एक ते १.४ लिटर गटात त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. सुझुकीने परवाना घेऊन हरियाणातील मानेसर येथे ते बनवले आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट बाजारात आली. पुढे टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतील पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातूनही ते निघू लागले. ज्या फियाटचे नाव मुंबईकरांच्या मनात कुर्ल्यात बनलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी कायमचे जोडले गेले होते, तिचे हे इंजिन अखेर दुसऱ्यांच्या नावाच्या गाड्यांतून घरोघर पोहोचले, ही गोष्ट थोडी गमतीची आणि थोडी खेदाची आहे.

सुमारे १३० किलो वजन, अर्ध्या मीटरहून कमी लांबी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि सोळा व्हॉल्व्ह असा हा आटोपशीर ऐवज आहे. साध्या टर्बोच्या रूपात ते ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि २,००० फेऱ्यांच्या आसपास १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, देत असे. ज्याच्या टर्बोतील पाती वायूच्या वेगानुसार आपला कोन बदलतात, अशा रूपात हीच शक्ती ९० अश्वशक्तीवर जाई. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या इंजिनात एका सिलिंडरमधील ३१२ घनसेंटीमीटर हवा पिस्टन वर येताना शेवटी १९ घनसेंटीमीटरच्या जागेत कोंडली जाते, म्हणजे चहाचे चार चमचे भरतील एवढ्याशा पोकळीत सारा स्फोट घडतो.

त्या पोकळीत डिझेल कसे पोहोचते, हे या यंत्राचे खरे कौशल्य. जुन्या डिझेल गाड्यांत पंप प्रत्येक सिलिंडरला आलटूनपालटून इंधन ढकलत असे, त्यामुळे दाब इंजिनाच्या वेगाबरोबर चढे-उतरे आणि ज्वलनाचा तो ओळखीचा खडखडाट होई. ‘कॉमन रेल’ पद्धतीत एका जाड, सामाईक नळीत डिझेल कायम प्रचंड दाबाने साठवून ठेवतात आणि प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट ‘नोझल’ म्हणतात, संगणकाच्या विद्युत संकेताने उघडतो. या पद्धतीचा मोटारींसाठीचा विकास फियाटच्या संशोधन संस्थांनी केला आणि तो १९९४ मध्ये बॉशच्या हाती गेला. १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ ही ती वापरणारी पहिली मोटार. मल्टिजेट ही तिची पुढची पायरी असून तीत एका ज्वलनासाठी लागणारे डिझेल एकदम न फवारता पाचपर्यंत लहान-मोठ्या फवाऱ्यांत वाटून देता येते. पहिला फवारा, ज्याला पायलट म्हणतात, एक-दोन घनमिलिमीटरचा, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्याही छोट्या अंशाइतका असतो. तो आधी पेटून पोकळी उबदार करतो आणि मुख्य फवारा आल्यावर धक्का बसत नाही. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असताना एका सिलिंडरचे पूर्ण चक्र ६० मिलिसेकंदांत संपते, आणि त्यातल्या जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांत, १,४०० ते १,६०० पट वातावरणीय दाबाखाली, हे फवारे उडून जातात. सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबमधील दाब तीन-चार पट असतो, एवढे लक्षात घेतले तरी या कारागिरीची कल्पना येते.

परंतु या इंजिनाचे आयुष्य नोझलवर ठरत नाही. ते ठरते टायमिंग चेनवर, आणि त्याहून नेमके सांगायचे तर त्या चेनला ताण देणाऱ्या, बोटाएवढ्या दट्ट्याच्या एका मामुली भागावर. क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरी फिरला पाहिजे, आणि ही वेळ जुळवून ठेवण्यासाठी या इंजिनात रबरी पट्ट्याऐवजी लोखंडी साखळी आहे. ठरावीक किलोमीटरनंतर पट्टा बदलावाच लागतो; साखळी मात्र इंजिनाच्या आयुष्यभर टिकेल अशी ख्याती या इंजिनाला लाभली होती. साखळी सैल पडू नये म्हणून तिच्या एका बाजूला टेन्शनर असतो आणि त्याचा दट्ट्या तेलाच्या दाबाने पुढे सरकून साखळीवर टेकलेली पट्टी रेटत राहतो. म्हणजे साखळीचा ताण हा तेलाच्या दाबाचा प्रश्न झाला, आणि या इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलपात्रात, तेल असते फक्त सुमारे तीन लिटर.

डिझेल इंजिन थोडे तेल खातेच, ही वस्तुस्थिती आहे. मोठ्या इंजिनातील सहा-सात लिटरांपैकी एक लिटर कमी झाले तर विशेष बिघडत नाही. इथे एक लिटर गेले की एकतृतीयांश साठा गेला आणि उरलेले तेल दीडपट घाईने, अधिक गरम होऊन फिरू लागले. त्यातच डिझेलच्या ज्वलनातून येणारी काजळी तेलात मिसळते, ते काळे आणि घट्ट होते आणि साखळीच्या सांध्यांत बारीक पॉलिश पेपरासारखे काम करते. चेन ‘लांबली’ असे मिस्त्री म्हणतात, पण पोलाद काही ताणले जात नाही. झिजतात त्या प्रत्येक कडीतील पिना आणि त्यांची भोके. एका पिनेची झीज एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग इतकीच धरली, तरी सव्वाशे सांध्यांची बेरीज अडीच मिलिमीटर होते, आणि तेवढ्याने कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे रेंगाळू लागतो.

रोगाची चाहूल आधी कानाला लागते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारताच दोन-तीन सेकंद कोरडी ‘खर्र’ करते आणि मग शांत होते, कारण टेन्शनरमधून उतरलेले तेल परत चढेपर्यंत साखळी सैल झोके घेत असते. हा आवाज थंडीचा म्हणून सोडून दिला जातो. काही महिन्यांनी तो गरम इंजिनातही येतो, आणि एके दिवशी साखळी दात चुकवते. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, बहुधा आधी व्हॉल्व्ह दाबणारे बारके रॉकर तुटतात, आणि नशीब बरे असेल तर नुकसान तिथेच थांबते. नसेल तर गॅरेजच्या भाषेत ‘इंजिनाचे काम निघते’. युरोपात या इंजिनाला तेलबदलासाठी ३०,००० किलोमीटरपर्यंतची मुभा दिली गेली, ती मुळात उदार होती असेच म्हणावे लागते. भारतात अंतर कमी ठेवले गेले, तरी सेकंडहँड बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या गाडीचे तेल ‘पुढच्या महिन्यात’ बदलायचे असते, आणि डिपस्टिक काढून पाहण्याची सवय पेट्रोल पंपावर काच पुसून घेण्याच्या सवयीइतकीही रुजलेली नाही.

त्याच तीन लिटरांवर टर्बोचाही जीव अवलंबून असतो. बाहेर पडणाऱ्या गरम धुराने फिरणारे आणि आत हवा कोंबणारे हे पंखे मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातात, आणि त्यांचा दांडा धातूवर नव्हे तर तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. लांबचा घाट चढून ढाब्यावर पोहोचताच किल्ली फिरवून इंजिन बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बो तापलेलाच राहतो आणि आतले तेल करपते. मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवणे एवढाच यावरचा उपाय. निळसर धूर आणि वाढती शिट्टी ही टर्बो गेल्याची खूण. काळा धूर आणि ‘पिकअप नाही’ अशी तक्रार असेल तर टर्बोवर खर्च करण्यापूर्वी इंटरकूलरचे रबरी पाइप पाहावेत, कारण एखादा पाइप चिरला की हवा वाटेतच निसटते आणि संगणकाने मोजून दिलेले डिझेल अर्धवट जळते. २,००० फेऱ्यांच्या खालची मरगळ मात्र बिघाड नव्हे. साध्या टर्बोच्या रूपात हा स्वभावच आहे, आणि भरल्या गाडीने खंबाटकीचा घाट चढताना गिअर उतरवायला आळस केला की तो चालकाला कळतो.

ईजीआर व्हॉल्व्ह ही आणखी एक दुखरी जागा. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून थोडा धूर पुन्हा हवेत मिसळून सिलिंडरात परत पाठवणारी ही झडप काजळीने चिकटते, विशेषतः जी गाडी रोज शहरात दोन-चार किलोमीटरच धावते तिची. नोझलखालचे तांब्याचे वॉशर बसके झाले तर ज्वलनाचा वायू बाजूने फुसफुसत बाहेर येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा कडक काळा थर जमतो. तो इतका घट्ट धरतो की नोझल ओढून काढताना हेडच दुखावण्याची भीती असते. डिझेलमधून आलेले पाणी फिल्टरच्या तळाशी साचते, आणि ते वेळेवर सोडले नाही तर सहस्रांश मिलिमीटरच्या फटींवर चालणारे पंप आणि नोझल गंजतात. नोझल बदलले तर काम जोडणीवर संपत नाही. प्रत्येकावर त्याची स्वतःची सूक्ष्म चूक सांगणारा एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो, तो संगणकात भरला नाही तर इंजिन थरथरते आणि धूर टाकते. रस्त्याकडेच्या गॅरेजला हे यंत्र अवघड गेले ते इथेच, कारण पाना आणि कान या दोहोंच्या पलीकडचे काहीतरी त्याने मागितले.

चेन बदलण्याचे काम मात्र पाना आणि कान यांच्याच आवाक्यातले आहे. चेंबर आणि पुढचे कव्हर उतरवायचे, क्रँक आणि कॅम पिना घालून जागच्या जागी जखडायचे, साखळीबरोबर दोन्ही दातेरी चाके, पट्ट्या आणि टेन्शनर नवे घालायचे, तेल ओढणाऱ्या जाळीवरचा गाळ धुवायचा आणि मग कव्हर सीलंटने बंद करायचे. काढलेली साखळी आणि नवी साखळी एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगली, तर जुनीचे खालचे टोक नवीपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर खाली आलेले दिसते.